मोजणीदारांची सणाची चाकं

आमच्या आत्याच्या घराला पुढे पडवी होती आणि पडवीच्या टोकाला एक खोली. त्या खोलीत सायकलीची चार चाकं राहायची आणि त्यांच्यासोबत एक माणूस भाड्यानं राहायचा. हे मी म्हणत नाही, आत्या म्हणायची. जव्हारला आषाढात पाऊस असा लागतो की भिंतीला हात टेकला तर तळवा ओला व्हावा. त्या दिवसांत हे गृहस्थ चाकं आत शेगडीच्या उबेला टांगायचे आणि आपण बाहेर पडवीत घोंगडी पांघरून निजायचे. आत्या म्हणायची, "भावजी, आजारी पडाल अशानं." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "मी पडलो तर वैद्य आहे वहिनी. लाकडाला वैद्य नाही."

जव्हारला तेव्हा महाराजांचं राज्य होतं. हे कचेरीत मोजणीदार होते. डोंगरातल्या पाड्यांवर जायचं, साखळी टाकून शेतं मोजायची, कागदावर उतरवायची, हे त्यांचं काम. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. गाव त्यांना मोजणीदार म्हणायचं आणि मी काका म्हणायचे. अंगानं शेवग्याच्या शेंगेसारखे. काळा कोट, डोक्यावर टोपी, आणि धोतर सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून दोन्ही घोट्यांशी सुतळीनं बांधलेलं. ती सुतळी ते सायकलवर नसतानाही सोडायचे नाहीत. लग्नाच्या पंगतीतसुद्धा तसेच बसायचे. कोणी हसलं तर म्हणायचे, "उठून लगेच निघायचं झालं तर?"

आता एका सायकलीला चार चाकं कशाला, हे सांगते. दोन रोजची आणि दोन सणाची. हे शब्द त्यांचेच. रोजची चाकं म्हणजे लोखंडी कड्यांची, जाड टायरची, दणकट. ती घालून ते मोखाड्याच्या रस्त्यानं रोज पहाटे चढ-उतार करून यायचे, मग कचेरी. सणाची चाकं मुंबईच्या एका पारशी दुकानदाराकडून मागवलेली होती. कडी लाकडाची, पातळ, आणि वर बोटाएवढा टायर. ती वर्षातून एकदाच लागायची, दसऱ्याच्या शर्यतीला. महाराजांपुढे दसऱ्याला कुस्त्या व्हायच्या, तशी सायकलींची शर्यतही व्हायची.

मी एकदा विचारलं, "काका, हलकी चाकं आहेत तर रोज तीच का नाही घालत? दमणूक कमी होईल."

"पोरी, तू पाणी भरायला लहान कळशी नेतेस की मोठा हंडा?"

"हंडा."

"मग एखाद्या दिवशी कळशी घेतली तर कशी वाटते?"

"काही उचललंच नाही असं."

"झालं तर. सराव हंड्यानं करायचा. शर्यत कळशीनं."

त्यांचं सगळं असंच. चाकाबद्दल बोलायचे, पण दाखले आमच्या स्वयंपाकघरातले. टायरमध्ये हवा किती भरायची, तर म्हणायचे, सरावाला पाडाच्या आंब्याइतकी आणि शर्यतीला कैरीइतकी. अंगठा दाबून बघायचे आणि पुटपुटायचे, "पिकला, पिकला, अजून भरा." आमच्या आत्याला हे इतकं पाठ झालं होतं की एकदा वाण्याकडे आंबे घेताना आंबा दाबून ती म्हणाली, "ह्यात हवा कमी आहे."

वाण्यावरून आठवलं. तो वाणी मोजणीदारांना दुकानाच्या पायरीवर बघितलं की तराजू आत न्यायचा. कारण हे चाक घेऊन यायचे, एका पारड्यात आडवं ठेवायचे आणि दुसऱ्यात नागली, म्हणजे नाचणी, ओतायला लावायचे. रोजच्या चाकाला एवढी नागली, सणाच्या चाकाला तेवढी. मग टायर बदलून पुन्हा. तारा बदलून पुन्हा. "अहो, सायकल विकत घ्या नाहीतर नागली विकत घ्या," वाणी ओरडायचा, "पण दुकानात गिऱ्हाईक येऊ द्या!" हे शांतपणे त्या ढिगातून मूठभर नागली काढायचे, डोळ्यांसमोर धरायचे आणि म्हणायचे, "शेटजी, एवढं वजन कमी झालं ना, तर मोखाड्याच्या चढावर एक श्वास वाचतो." एक श्वास! आम्ही बायका पाठीमागे पदर तोंडाला लावून हसायचो. आता माझंच वय झालंय. देवळाच्या पायऱ्या चढते आणि मनात येतं, खरंच की, मूठभर नागलीएवढं काहीतरी कमी करता आलं असतं तर.

रस्ता बघायची त्यांची तऱ्हा आणखी निराळी. टायर निवडायचा तर आधी रस्ता ओळखायचा, हा त्यांचा नेम. आणि रस्ता ओळखायचा म्हणजे उभ्यानं नव्हे. ते रस्त्यावर पालथे निजायचे, गाल मुरमाला लावायचे आणि एक डोळा मिटून लांबवर बघायचे. खडी कुठे वर आली आहे, पावसानं चाकोरी कुठे कापली आहे, मुरूम कुठे बसला आहे, ते खालूनच कळतं म्हणायचे. एकदा असेच निजलेले असताना जामसरचा एक गाडीवान गवताची गाडी घेऊन आला. बैल थांबले. त्यानं वरूनच हाक मारली, "कोन रं? जित्ता हाय का मेला?"

हे उठलेच नाहीत. म्हणाले, "थांब जरा. गाडी पुढे नेलीस तर मुरूम हलेल."

"आरं मंग म्या काय सांजपतुर हितंच बसू?"

"बस ना. तंबाखू आहे का?"

गाडीवान उतरला, दोघांनी तंबाखू मळली, आणि शेवटी तो गाडीवानही ह्यांच्या शेजारी पालथा निजून रस्ता बघायला लागला. ही हकीगत गाडीवानानंच बाजारात सांगितली. वर असंही म्हणाला, "मानूस येडा नाय. माझ्या गाडीचं चाक ठेचाळतं ती जागा त्यानं बोटानं दावली."

माझं सांगायचं राहिलंच. मी आत्याकडे का होते? मला सतराव्या वर्षी वैधव्य आलं. सासर मोखाड्याचं. तिथे वर्षभर राहिले, मग आजारी पडले, तर आत्यानं इकडे आणलं. आतोबा कचेरीत कारकून होते, मऊ स्वभावाचे. मला बरं वाटायला लागलं तसा सासरहून निरोप यायला लागला, की दसरा झाला की थोरले दीर न्यायला येतील. सासरी माझ्यावर कोणी हात उचलला नव्हता, उगीच खोटं कशाला बोलू? पण त्या घरात मी म्हणजे जातं होते. कोपऱ्यात असायचं, दळण आलं की फिरायचं. कोणी माझ्याशी बोलायचं नाही. मला परत जायचं नव्हतं. हे मी तोंडानं कोणाला सांगितलं नव्हतं, सांगायची पद्धतही नव्हती.

मला शिवण येत होतं. आईनं शिकवलेलं, हातशिवण. एका दुपारी मी पडवीत आत्याच्या चोळीला ठिगळ लावत बसले होते. मोजणीदार शेजारीच सणाच्या चाकाचा टायर सोडवून बसले होते आणि घामाघूम झाले होते. तो टायर साध्या टायरसारखा नसतो. सुती कापडाची लांब पिशवी असते, तिच्यात ट्यूब, आणि आतल्या अंगानं पिशवी शिवून बंद केलेली. शिवणीवर पट्टी चिकटवायची आणि मग सगळं कड्याला डिंकानं बसवायचं. पंक्चर झालं तर पट्टी काढा, टाके उसवा, ट्यूब सांधा आणि पुन्हा शिवा. काका जमीन इंचभर चुकायचे नाहीत, पण सुईनं त्यांनी ट्यूबला तीनदा भोसकलं. चौथ्यांदा हवा सुटल्याचा आवाज आला तशी मी हसले.

"हसतेस काय? दे शिवून."

मी दिला. पहिल्याच वेळी मीही चुकले. चोळी शिवतात तसा बारीक, घट्ट टाका घातला. हवा भरल्यावर टायर आवळून आला, मध्येच फुगला, गळ्याला गाठ आल्यासारखा दिसायला लागला. काकांनी तो फिरवून फिरवून बघितला. "टाका सुरेख आहे," म्हणाले, "पण ही चोळी नाही. हिच्या आतला जीव फुगणारा आहे. त्याला जागा ठेव." मग आम्ही दोघांनी युक्ती काढली. बांबूची एक पातळ चीप तासून ट्यूब आणि कापड यांच्यामध्ये सरकवायची, सुई त्या चिपेवर थांबते. दोऱ्याला मध काढणाऱ्या माणसाकडून आणलेलं मेण लावायचं. टाके सारख्या अंतरावर आणि सारख्याच ओढीनं. दोऱ्याची सुरुवात आणि शेवट टाक्यांखाली दडवायचा, गाठ वर ठेवायची नाही, कारण गाठ कड्यावर बसली की चाक लंगडतं.

त्या पावसाळ्यात मी त्यांचे दोन्ही टायर तीन-तीनदा उसवून शिवले. दर वेळी ते चाक फिरवून कान लावायचे आणि मग नुसतं "हं" म्हणायचे. आयुष्यात मला पुष्कळांनी शाबासकी दिली, पण त्या "हं"एवढी कुठली आठवत नाही. आणि आणखी एक. ती चाकं मुंबईहून मराठी वर्तमानपत्रांत गुंडाळून आली होती. ते कागद काका मला द्यायचे. त्यावर बोट ठेवून ठेवून मी वाचायला शिकले. अडलं की विचारायची. ते डोळे चाकावरच ठेवून उत्तर द्यायचे, त्यामुळे मला लाज वाटायची नाही. आज हे चार शब्द लिहिते आहे त्यामागे तेच कागद आहेत.

भाद्रपदात कळलं, संस्थानच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला बाई हवी आहे. आत्यानं आतोबांना सुचवलं. आतोबा म्हणाले, "विधवा पोर, हाताशी कागद नाही, कोणाची शिफारस नाही. कारभारीसाहेब ऐकून तरी घेतील का?" मोजणीदार पडवीतून ऐकत होते. आत आले. त्यांना घरात आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"शर्यतीत पहिला येतो," ते म्हणाले, "त्याला दरबारात एक मागणं तोंडानं मांडता येतं. गेल्या खेपेला एकानं विहीर मागितली, मिळाली."

"तुम्ही काय मागणार?" आतोबांनी विचारलं.

"ही जागा. हिच्यासाठी."

"पण तुम्ही कधी पहिले आलात?"

"दोनदा दुसरा. तेव्हा टायर मी शिवलेले होते." एवढं बोलून ते बाहेर गेले.

दसऱ्याला पंधरा-वीस दिवस होते. काका पहाटे रोजच्या जड चाकांवर मोखाड्याच्या चढाला जायचे, आले की पाय सुजलेले असायचे. गंमत म्हणजे त्यांच्याविरुद्ध धावणारे त्यांच्याचकडे सल्ल्याला यायचे. पोलिसातला एक तरुण शिपाई होता, दांडगा. तो एका संध्याकाळी दोन टायर घेऊन आला, "मोजणीदार, ह्यातला कुठला घालू?" काकांनी दोन्ही दाबले, वाकवले, वास घेतला आणि सांगितलं, "हा. दुसरा उतारावर घसरेल." आत्या आत कपाळ बडवत होती. तो गेल्यावर म्हणाली, "भावजी, चुकीचा सांगायचा ना!"

"चुकीचं चाक सांगू?" तिनं त्यांना गाय मारायला सांगितल्यासारखे ते बघत राहिले.

आता खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी सगळी हत्यारं, अवजारं धुऊन पुसून देवापुढे मांडतात. कोयता, कुऱ्हाड, विळी, आतोबांची दौत-टाक, मोजणीची साखळी, माझी सुई आणि कात्री. दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना विश्रांती. काकांनी सकाळी आपण होऊन सणाची दोन्ही चाकं आणून पाटावर ठेवली, टायर बसवलेली, तयार. म्हणाले, "वहिनी, ह्यांचीही पूजा करा," आणि रस्ता शेवटचा बघायला पायी निघून गेले. रोजची चाकं सायकलीला लावलेलीच होती, सायकल पडवीत होती.

हळदकुंकू लावायचं काम आत्याचं. माझा हात कुंकवाला चालत नव्हता. आत्या प्रेमळ होती, पण रीत ती रीत. मला तिनं सांगितलं, "तू नुसतं पुसून तेलाचा हात फिरव." कोयत्याला फिरवला, कुऱ्हाडीला फिरवला, गंज चढू नये म्हणून फिरवतातच. मग चाकांपाशी आले. माझ्यासाठी उद्या हा माणूस ह्या चाकांवर जीव तोडून पळणार, असं मनात आलं. कुंकू नाही तर तेल तरी मनापासून लावावं. घरात खुरासणीचं, म्हणजे कारळ्याचं, तेल होतं. वाटीभर घेतलं. लाकडी कडी माखली, टायर माखले, लेकराच्या पायांना लावावं तसं कापडात जिरेपर्यंत चोळून चोळून लावलं. चाकं अशी चमकायला लागली की आत्या म्हणाली, "बाई गं, दृष्ट लागेल."

दसऱ्याला सकाळी काका अंघोळ करून आले, पूजा झाली, चाकांना नमस्कार केला आणि एक चाक उचललं. अंगठा टायरवर ठेवला. अंगठा घसरला. पुन्हा ठेवला, जरा रेटला, तर टायर कड्यावरून अख्खा सरकून बाजूला आला. डिंक पाघळला होता. रात्रभर तेल प्यायल्यानं रबर मऊ होऊन सुजलं होतं. त्यांनी चाक नाकाशी नेलं.

"खुरासणी," ते म्हणाले.

मला कळलं होतं काय झालं ते, पुरतं नाही, पण कळलं होतं.

"तेल कोणी लावलं?"

"मी, काका."

"किती?"

"वाटीभर."

आत्या मध्ये पडली, "शिकेकाईनं धुवू या का? राखेनं घासते मी, आत्ता निघेल!" ते हसले हो! खरंच हसले. म्हणाले, "वहिनी, रबर आहे ते, पितळेचा तांब्या नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चूक माझी. रबराला तेल सोसत नाही हे तुला मी कधी सांगितलंच नाही." आणि पडवीत जाऊन रोजच्या चाकांच्या टायरमध्ये हवा भरायला बसले. पंपाचा तो आवाज मी आत चुलीपुढे बसून ऐकत होते. डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. दीर दोन दिवसांनी यायचे होते.

शर्यत दुपारी होती. मोखाड्याच्या रस्त्यानं ओढ्यापर्यंत जायचं आणि परत राजवाड्यापुढच्या मांडवाशी यायचं. सात जण होते. आम्ही बायका एका कडेला कनातीपाशी. जाताना मी बघितलं, सगळ्यांची चाकं काडीसारखी आणि मध्ये आमचे काका त्या जड चाकांवर, धोतर सुतळीनं बांधलेलं. पोरं ओरडली, "बैलगाडी आली, बैलगाडी!" मग बराच वेळ नुसती धूळ. परत येताना पहिला शिपाई आला. दुसरा एक फौजदाराचा भाचा आला. मग काका. तिसरे. जड हंडा घेऊन तिसरे आले म्हणजे काय केलं असेल त्या पायांनी, हे त्या मांडवात एकाला कळलं असेल तर शपथ. उतरले तर उभं राहवेना, सायकलीला धरूनच उभे राहिले.

बक्षिसं वाटायला कारभारीसाहेब होते. मोठे थट्टेखोर माणूस. शिपायानं आपल्या गावाकडे बदली मागितली, मिळाली. मग साहेबांचं लक्ष काकांकडे गेलं.

"काय मोजणीदार! वर्षभर चाकांवरून आमचं डोकं खाल्लंत. टायर असा हवा, कडं तसं हवं. आणि आज दळणाचं जातं बांधून आलात?"

सगळा मांडव हसला. काका मान खाली घालून उभे होते. म्हणाले, "चाकांची निवड चुकली, साहेब."

एवढंच. त्यांच्याएवढी चाकांची निवड जव्हारात काय, मुंबईत कोणाला येत नसेल. त्यांची सगळी अब्रू त्यात होती. आणि ती त्यांनी भर मांडवात माझ्यावरून ओवाळून टाकली.

माझे पाय कसे उचलले ते मला ठाऊक नाही. आत्यानं मागून पदर ओढला, "अगं, कुठे निघालीस?" पदर सुटला. मी कनात ओलांडून पुढे गेले आणि म्हणाले, "निवड नाही चुकली. तेल मी लावलं."

साहेब म्हणाले, "ही कोण? कसलं तेल?"

मी सांगितलं. खंडेनवमी, वाटी, खुरासणी, सगळं. आधी एक हसला, मग दुसरा, मग साहेबही पोट धरून हसले. मला काही वाटलं नाही. काका मात्र पुढे आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "गप्प बस. घरी जा." मी गेले नाही.

"आणि ते टायर शिवले कोणी?" साहेबांनी डोळे पुसत विचारलं.

"तेही मीच."

"शिवण येतं म्हणायचं!"

आता काकांना राहवेना. म्हणाले, "साहेब, आज मला मागायचा हक्क नाही. पण चाक मागवून दरबारच्या शिंप्यांना दाखवा. मी काही बोलत नाही." घर जवळच होतं. आतोबा धावत गेले आणि धापा टाकत चाक घेऊन आले. तेलकट, वास मारणारं, टायर लोंबकळणारा. दरबारचे शिंपी म्हातारे होते, महाराजांचे अंगरखे शिवायचे. त्यांनी नाक मुरडून टायर हातात घेतला, पट्टी सोलली आणि टाक्यांवरून अंगठा फिरवला. एक फेरा झाला. चष्मा घातला आणि दुसरा फेरा. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, दोरा सुरू कुठे केलास?"

"नाही सापडायचा, आजोबा," मी म्हणाले.

"आणि मला माझ्या धंद्यात सापडत नाही?" ते चिडले. तिसरा फेरा फिरवला. मग टायर साहेबांपुढे ठेवला. "साहेब, नाही सापडत. आणि एवढं तेल पिऊन एक टाका ढिला नाही."

साहेबांनी जरा विचार केला. "मुलींच्या शाळेत शिवणाची जागा आहे," ते म्हणाले, "सहा महिने बघू. पण बाई, शाळेत तेलाची वाटी आणायची नाही."

दोन दिवसांनी दीर आले. आत्यानं त्यांना पुरणपोळी वाढली, आग्रह करकरून वाढली, आणि हात धुतल्यावर सांगितलं, "ती आता सरकारी माणूस आहे. न्यायची तर कारभाऱ्यांची परवानगी काढा." दीर पुरणपोळी बांधून घेऊन मोखाड्याला गेले.

आणि काका? तुम्हाला वाटेल खूश झाले असतील. पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत! पडवीतून जाताना माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. आत्यानं विचारलं तेव्हा म्हणाले, "दरबारात मी उभ्या आयुष्यात एक वाक्य बोललो, तेही हिनं खोटं पाडलं." मी रडले, आत्या म्हणाली, "अगं, ते रागावलेत म्हणजे बरे आहेत." पहाटे ते तसेच जड चाकांवर जात होते, तसेच येत होते. सणाची चाकं खुंटीवर नव्हती, कुठे ठेवली होती कोण जाणे.

शाळा सुरू झाली. एका खोलीत जाजम अंथरलेलं, अकरा मुली, काही पाड्यांवरून आलेल्या, हातात सुई धरताना घाबरणाऱ्या. मी त्यांच्याहून जास्त घाबरलेली. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी फळ्यापुढे टाका कसा उचलायचा ते दाखवत होते, तर मुली दाराकडे बघायला लागल्या. दारात मोजणीदार उभे होते, घोट्यांना सुतळी, आणि त्यांच्या मागे तो शर्यत जिंकलेला शिपाई, बगलेत फाटका टायर धरून. शिपायाची बदली झाली होती, उद्या जायचं होतं.

काकांनी पायताण बाहेर काढलं. टोपी सारखी केली. उंबऱ्याच्या अलीकडेच थांबले, आणि माझ्या अकरा मुलींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"बाई, आत येऊ का?"